वाचकांचे प्रश्न : देवदास नेमका कुठे चुकला?

प्रश्न : पुढच्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यावर ‘देवदास’ घेतोय. बहुतेकांनी शाहरुखचा सिनेमा पाहिलाय, पुस्तक कुणीच वाचलेलं नाही. एकाच दिवसात दोन्ही होईल का? (एक वाचक, सक्करदरा)

उत्तर : एका दिवसात नको. २००२ चा सिनेमाच तीन तासांच्या वर जातो, मग चर्चेला कुणात दम उरत नाही. शरदबाबूंची (शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची) मूळ बंगाली कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. ती छोटीशी आहे, दोन संध्याकाळी पुरतात. आठवडाभर आधी ती सगळ्यांच्या हातात पडू द्या. सिनेमा ताजा असला की पारो म्हणजे ऐश्वर्या हेच डोक्यात बसतं आणि पुस्तकातली तेरा वर्षांची पार्वती दिसतच नाही.

कट्ट्यावर तीनच प्रसंग घ्या : पारो रात्री देवदासच्या खोलीत येते तो, तिच्या कपाळावर वार होतो तो, आणि शेवटचा, तिच्या सासरच्या दारात देवदास मरतो तो फाटकाचा. आधी कादंबरीतली तेवढी पानं मोठ्यानं वाचा, मग १९५५ चा बिमल रॉय यांचा आणि २००२ चा भन्साळींचा तोच प्रसंग लागोपाठ दाखवा. गाण्यांपासून सुरुवात केलीत तर चर्चा गाण्यांतच अडकेल.

प्रश्न : लग्न घरच्यांनी मोडलं. त्यात देवदासचा काय दोष? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : नकार घरच्यांचा, हे खरं. पार्वतीचं घराणं मुलीच्या लग्नात पैसे घेणारं, म्हणजे ‘बेचाकेना’, आणि वर शेजारचंच. जमीनदार मुखर्जींना ते कमीपणाचं वाटलं. (हुंड्याच्या उलट असलेली ही रीत आपल्याला पटकन उमजत नाही. ओळखीच्या बंगाली कुटुंबाला विचारा, नागपुरात तसा शेजार दुर्मीळ नाही.)

पण त्यापुढचं नीट वाचा. पार्वती लोकलाज सोडून मध्यरात्री एकटी त्याच्याकडे येते. एवढीशी मुलगी सगळं पणाला लावते आणि हा आईवडिलांचं नाव पुढे करतो. मग कलकत्त्याहून पत्र पाठवतो की तुझ्यावर माझं तसं प्रेम कधी नव्हतंच. पत्र टाकल्यावर पस्तावतो आणि गावी परततो. तोवर तिचं लग्न ठरलेलं असतं. तळ्याकाठी ती सुनावते की आईवडील तुला आहेत तसे मलाही आहेत. तेव्हा तो गळाच्या काठीनं तिचं कपाळ फोडतो. आमच्या मते कादंबरीचा कणा ते पत्र आहे. समाज आड आला, पण ऐन वेळी कच खाल्ली ती देवदासनं.

भन्साळींनी नेमकी हीच बाजू पातळ केली. पारोच्या आईचा भरसभेत अपमान, वहिनीची कारस्थानं, लंडनहून परतलेला नायक : बाहेरचा विरोध इतका वाढवलाय की त्याचा स्वतःचा कच्चेपणा झाकला जातो. तिथे वारही मोत्यांच्या हारानं होतो, जखमसुद्धा दागिन्यासारखी दिसते. बिमल रॉय कादंबरीच्या जास्त जवळ राहतात. सैगल यांच्या १९३६ च्या हिंदी ‘देवदास’चं छायाचित्रण त्यांचंच होतं, ही कथा त्यांनी आधी कॅमेऱ्यातून पाहिली होती.

प्रश्न : पारो आणि चंद्रमुखी कादंबरीत भेटतात का? आणि शेवट तोच आहे का? (एक वाचक, महाल)

उत्तर : भेटत नाहीत. १९५५ मध्ये दोघी रस्त्यावर एकमेकींसमोरून जातात, शब्दही न बोलता. २००२ मध्ये त्या एकत्र नाचतात. कलकत्त्याची नायकीण चंद्रमुखी, तिला दुय्यम समजू नका. धंदा सोडून ती खेड्यात राहते, त्याला शोधत कलकत्त्याला परतते, रस्त्यात पडलेल्याला उचलून त्याची शुश्रूषा करते. १९५५ च्या सिनेमातल्या वैजयंतीमालांनी या भूमिकेसाठीचं सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर नाकारलं, कारण भूमिका नायिकेच्या तोडीची होती.

शेवट मात्र वेगळा आहे. २००२ मध्ये त्याचा श्वास चालू असतानाच फाटक लागतं आणि वाटतं, पारो क्षणभर आधी पोचली असती तर! कादंबरीत दारातला तो मुसाफिर देवदास होता हे तिला कळतं तेव्हा प्रेताची विल्हेवाटही लागलेली असते. ती धावत सुटते, घरचे तिला धरून आणतात. म्हणून या एका प्रसंगाचं पान आधी नको, सिनेमातलं फाटक बंद झाल्यावर वाचा.