गोळीचा खाडा

"मॅडम, गोळ्यांची सवय तर नाही ना लागणार?"

समुपदेशक म्हणून गेल्या १९ वर्षांत नैराश्याच्या गोळ्यांबद्दल हा प्रश्न किती जणांनी विचारला, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. कधी बँकेतले साहेब असतात, कधी बारावीचा मुलगा, कधी नातवंडं असलेल्या आजी. आवाज मात्र सगळ्यांचा सारखाच असतो: दबका, दाराकडे बघत विचारलेला. मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात चौघांनी विचारला, तेव्हा मालनताईंची गोष्ट लिहायचं ठरवलं. त्यांची परवानगी आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मालनताई ४७ वर्षांच्या. कराडजवळच्या एका गावात ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. गेल्या वर्षी जूनमध्ये पहिल्यांदा आल्या, खुर्चीत बसल्या आणि मान न वळवता सगळं अंग फिरवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान अवघडलीय का, मी विचारलं.

"मान नाही हो. डोळे फिरवले की डोक्यातून करंट जातो. सुईत दोरा ओवताना तर चारदा गेला."

मार्च अखेरीला मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिन सुरू केलं होतं. मे महिन्यात छान वाटायला लागलं. मग दिरांनी सांगितलं, "वहिनी, त्या गोळ्या मेंदू पोखरतात, बंद करा." यांनी एका मंगळवारी डबी कपाटावर टाकली. शुक्रवारी चक्कर, मळमळ, रात्री भलतीसलती स्वप्नं, आणि हा करंट.

"म्हणजे सवय लागलीच की, मॅडम! शेजारच्या काकांनी दारू सोडली तेव्हा त्यांचं असंच झालं होतं."

मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. गोळी सुरू करणं, थांबवणं, कमी-जास्त करणं हे समुपदेशकाचं काम नाही, आणि ही रेघ मी कधीच ओलांडत नाही. डॉक्टरांनी तोच डोस पुन्हा घ्यायला सांगितलं. दोन-तीन दिवसांत करंट थांबला. त्यामुळे मालनताईंची खात्री उलट आणखी पक्की झाली. गोळी घेतली की थांबतं, म्हणजे व्यसनच.

पूर्वी अशा वेळी मी मधुमेहाचं उदाहरण देत असे. इन्सुलिन घेतोच ना आपण, तशी ही गोळी. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन गोळी बंद करायचे. नंतर मला कळलं की ते उदाहरण पुरतं खरंही नाही. साखर रक्तात मोजता येते, नैराश्य तसं मोजता येत नाही. "मेंदूत सेरोटोनिन हे रसायन कमी झालं म्हणून नैराश्य आलं" हे चित्रसुद्धा फार सोपं करून सांगितलेलं आहे. आज जाणकार ते इतक्या ठामपणे मांडत नाहीत. गोळी बऱ्याच जणांना उपयोगी पडते, हे मात्र खरं. समोरच्या माणसाला अर्धवट सत्य दिलं की त्याला ते जाणवतं. म्हणून मालनताईंना मी उदाहरण दिलंच नाही. विचारलं, "कोणत्या दिवशी काय झालं, हे कुठं लिहिलेलं आहे का?"

पुढच्या वेळी त्या गुंडाळलेलं, रबर लावलेलं भिंतीवरचं कालनिर्णय घेऊन आल्या. खिळ्याचा दोरा तसाच होता.

ते कालनिर्णय मी कधी विसरणार नाही. प्रत्येक चौकटीत दुधाचा हिशेब. दूध आलं नाही त्या दिवशी 'खाडा'. सिलिंडर लावल्याची तारीख. कुणाचे किती ब्लाउज कधी द्यायचे ते. पाळीच्या तारखेला लाल गोल. आणि मार्च अखेरपासून रोज एक निळा टिंब, म्हणजे गोळी. जूनमधल्या त्या मंगळवारपासून टिंबाच्या जागी त्यांनी लिहिलं होतं: खाडा, खाडा, खाडा.

आम्ही दोघी टेबलावर पानं पसरून बसलो. मी विचारलं, "जानेवारीत आजार सुरू झाला तेव्हा करंट येत होता?"

"नाही. तेव्हा नुसतं रडू यायचं. पहाटे तीनला जाग. हळूहळू वाढत गेलं, दोन-अडीच महिने."

"आणि आत्ता?"

त्यांनी बोट ठेवलं. मंगळवार. शुक्रवार. "तीन दिवसांत."

मूळ आजार परततो तेव्हा बहुधा तो आठवड्यांच्या, महिन्यांच्या चालीनं येतो आणि जुनीच लक्षणं घेऊन येतो. गोळी एकदम तोडल्याचा त्रास काही दिवसांत उभा राहतो आणि त्यात चक्कर, मळमळ, डोक्यात करंट अशी नवी, शरीराची लक्षणं असतात. दोन्हींत उदासी, चिडचिड असू शकते, म्हणून गफलत होते. पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा त्रास जास्त दिसतो. त्याच गटातलं फ्लुओक्सेटिन कित्येक दिवस रेंगाळतं, तिथे कमी दिसतो.

आणि व्यसन? व्यसनात माणसाला त्या पदार्थाची ओढ लागते, मात्रा वाढवावी लागते, त्यासाठी तो खोटं बोलतो, भांडी विकतो. मालनताईंना गोळीची ओढ नव्हती. त्यांनी तर ती कपाटावर टाकली होती. त्यांच्या मेंदूनं तीन महिन्यांत त्या गोळीशी जुळवून घेतलं होतं, इतकंच. ही गोळी पेशींच्या फटीतलं सेरोटोनिन परत ओढून घेणारी वाट अडवते. ते काही तासांतच घडतं, पण मन उभारी धरायला दोन ते सहा आठवडे लागतात, कारण त्या बदलाला सरावून पेशी आपली मांडणी हळूहळू बदलतात, असं मानलं जातं. विरजण लावलं की दर पाच मिनिटांनी बोट घालून बघायचं नसतं. तीच मांडणी पुन्हा फिरवायलाही वेळ लागतो.

मी हे सांगत असताना मालनताई एकदम म्हणाल्या, "म्हणजे मशीन चालू असताना कापड ओढलं, तसं केलं मी. सुई मोडणारच."

"मग काय करायचं असतं?"

"पाय उचलायचा. चाक आपोआप थांबू द्यायचं. सुई वर घ्यायची, मग कापड काढायचं."

गोळी कशी बंद करावी याचं याहून चांगलं वर्णन मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायलाच हवी. आपल्याकडे सगळ्या गोळ्यांना सरसकट 'झोपेच्या गोळ्या' म्हणतात, आणि भीतीचं मूळ बरंचसं तिथे आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या चिंता शमवणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांचा गुण तासाभरात जाणवतो, आणि या गोळ्यांची सवय खरोखर लागू शकते. त्या दीर्घकाळ घेऊन अचानक बंद केल्या तर झटकेही येऊ शकतात. मालनताईंना सुरुवातीचे तीन आठवडे क्लोनाझेपाम होतं, ते डॉक्टरांनी स्वतःच उतरवत बंद केलं होतं. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून वर्षानुवर्षं अशी गोळी घेणारी माणसं मी पाहते तेव्हा जीव कासावीस होतो. तिथे सवयीची भीती बाळगायला हवी, आणि नेमकी तिथेच कुणी बाळगत नाही.

दिरांचा दुसरा सल्ला होता, "झाडपाल्याचं घ्या, त्याला साइड इफेक्ट नसतात." त्यावर मी सर्पगंधा या औषधी वनस्पतीची गोष्ट सांगितली. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली या मुळीचा उपयोग वेडावर आणि रक्तदाबावर होतो, असं लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरचा तिचा गुण ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे ठेवला. पुढे तिच्यातून रेसरपीन हे औषध वेगळं काढलं गेलं, आणि १९५०च्या दशकात ते घेणारे काही रुग्ण उदास होत असल्याच्या नोंदी झाल्या. त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये क्षयाच्या रुग्णांना दिलेल्या इप्रोनियाझिड या औषधानं त्यांची मनं उल्हसित होताना दिसली. एका औषधानं मन खाली, दुसऱ्यानं वर. मेंदूतली रसायनं आणि मन यांचं नातं शोधायला या दोन निरीक्षणांनी मोठी चालना दिली. मुळीतून आलं काय आणि कारखान्यातून आलं काय, मेंदूवर परिणाम करणाऱ्या कशालाही जबाबदारीनंच हात लावावा लागतो.

कालनिर्णयानं आणखी एक गोष्ट दाखवली, जी तोवर कुणी विचारली नव्हती. जानेवारीत दोन लाल गोल होते, मग थेट मार्चमध्ये, आणि तिथे सलग नऊ दिवस लाल. रजोनिवृत्तीच्या आधीच्या या वर्षांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक सरळ उतरत नाही, हेलकावे खातं. झोप, अंगातली उष्णता, मूड, सगळ्यावर त्याचा ताण येतो. ज्यांना आधी कधी नैराश्य येऊन गेलंय त्यांना या काळात जास्त जपावं लागतं. मी विचारलं, आधी कधी असं झालं होतं?

बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "धाकट्याच्या वेळी. बाळाकडे बघवत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, बाळंतवात. मग बाहेरचं झालं म्हणून उतरवून टाकलं. चार महिन्यांनी आपोआप गेलं."

बाळंतपणानंतर काही दिवसांतच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन धाडकन खाली येतात. बहुतेकींना थोडं रडू येऊन आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतं, पण काहींचं नैराश्य महिनोन्‌महिने राहतं. २१ वर्षं ही बाई स्वतःला वाईट आई समजत होती. त्या दिवशी त्यांनी पदर डोळ्यांना लावला तो बराच वेळ काढला नाही. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. थायरॉईड ठीक निघालं, हिमोग्लोबिन मात्र ९ होतं. त्यावर वेगळे उपचार झाले आणि थकवा पुष्कळ उतरला. म्हणून मी प्रत्येकाला सांगते: मनाचं म्हणून आलात तरी एकदा रक्त तपासून घ्या. थायरॉईड मंदावलं तर माणूस नैराश्यातल्यासारखाच सुस्त होतो.

पण खरी गाठ अजून सुटायची होती. ऑगस्टमध्ये सगळं नीट चाललं असताना त्या पुन्हा म्हणाल्या, "खंबीर माणसाला गोळी कशाला लागते, मॅडम? सासूबाईंनी दोन पोरं गमावली, गोळी घेतली नाही."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ती मांडली. घटनेपेक्षा घटनेबद्दलची आपली धारणा आपल्याला जास्त छळते, हे तिचं सार मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटतं. मात्र तीन तास झोपलेल्या बाईशी धारणांची चर्चा होत नाही, हेही अनुभवानं शिकले. आता मालनताई सात तास झोपत होत्या. आता विचारता येत होतं.

"आजारी पडलात ते कशामुळे?"

"माझंच मन कमकुवत."

"आणि बऱ्या झालात ते?"

"गोळीमुळे."

"मालनताई, धंद्याचा हिशेब असा ठेवता का? तोटा सगळा तुमच्या नावे, आणि जमा सगळी दुसऱ्याच्या खात्यात?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुढे काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला पहिली काही वर्षं जमत नव्हतं. आज ते माझं सर्वांत भरवशाचं हत्यार आहे. जाताना एवढंच सांगितलं की आठवडाभर कालनिर्णयावर दोन खुणा करा: 'गो' म्हणजे गोळीनं केलं, 'मा' म्हणजे मालननं.

पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच पान उघडलं. "झोप, गो. रडू थांबलं, गो. शिलाईचे दर वीस रुपयांनी वाढवले, मा." मग बोट एका चौकटीवर थांबलं. "जाऊबाईंना सांगितलं, वास्तुशांतीचा दीडशे माणसांचा स्वयंपाक मी एकटी करणार नाही, आचारी सांगा. हे कुणाचं लिहू, कळेना. मग म्हटलं, गोळी काय बोलत नाही. बोलले मीच." आणि त्या हसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा, तोंडावर हात न धरता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की "सवय लागेल का" या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न असतो: बरी झालेली ती मीच का? त्याचं उत्तर रसायनशास्त्रात मिळत नाही. ते माणसाला स्वतःच्या दिवसांत शोधून द्यावं लागतं. त्या दिवसापासून मी गोळीबद्दल समजावण्यात कमी आणि 'मा'च्या खुणा शोधण्यात जास्त वेळ घालवते. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्यांत आपल्याच मनानं गोळी तोडणारे कमी झालेत, याचं मला समाधान आहे.

तुम्ही किंवा घरचं कुणी या गोळ्या घेत असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा होऊ शकतो, तो बहुधा ओसरतो. पंचविशीच्या आतल्या मुलांवर या काळात घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. आसपास कुणी नसेल तर १४४१६ या टेलिमानस म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. कामेच्छा कमी होणं, भावना बोथट वाटणं, वजन वाढणं हे त्रास खरे आहेत. ते लाजून लपवले जातात आणि मग गोळी गुपचूप बंद होते. डॉक्टरांना सांगितलं तर डोस किंवा औषध बदलता येतं. आणि बरं वाटायला लागल्यावर पुढे किमान सहा महिने गोळी चालू ठेवावी लागते. ज्यांना हा आजार पुन्हा झालाय त्यांना अधिक काळ. काहींना ती वर्षानुवर्षं लागते, त्यांनी काही गमावलेलं नसतं.

मालनताईंची गोळी यंदा ऑगस्टपासून उतरवायला घेतली. डॉक्टरांनी पहिली पायरी कमी केली तेव्हा दोन दिवस हलकी चक्कर आली, मग गेली. पुढची पायरी ऑक्टोबरात ठरली होती. पण दिवाळीचे ६२ ब्लाउज अंगावर होते. त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन करून विचारलं की ही पायरी थोडी पुढे ढकलली तर चालेल का. डॉक्टर हो म्हणाले. मला कालनिर्णयाच्या पानाचा फोटो आला: नोव्हेंबरात तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी निळ्या पेनानं अर्धा टिंब काढलेला, आणि चौकटीच्या कोपऱ्यात 'मा'.