फ्लॉरेन्समध्ये एकच दिवस असेल तर काय पाहावं? ग्रुप सोडून स्वतः फिरलं तर चालतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चालतं. टूर मॅनेजरला सांगून, भेटायची जागा आणि वेळ पक्की करून खुशाल जा. मी गेले होते आणि त्याचे बोल आजही ऐकते, म्हणूनच लिहायला बसले.

२०१६ च्या मे महिन्यात आम्ही सहा जण घरचे, बाकी पुण्या-साताऱ्याकडचे, असा पस्तीस जणांचा ग्रुप होता. फ्लॉरेन्सला आमचा वार आला सोमवार. उफिझी आणि अकादेमिया, दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. म्हणजे मायकेलअँजेलोचा खरा डेव्हिड आम्हाला दिसणारच नव्हता. कार्यक्रमपत्रिकेत मात्र 'डेव्हिडचं दर्शन' छापलेलं. दाखवली ती पियाझा देला सिन्योरिया या चौकातली प्रतिकृती, १९१० साली बसवलेली. मूळ पुतळा १८७३ पासून अकादेमियात आहे. तेव्हा पैसे भरायच्या आधी तुमचा फ्लॉरेन्सचा वार कोणता ते बघा. सोमवार असेल तर कंपनीशी तेव्हाच बोला.

सकाळ छान गेली, ते नाकारत नाही. बस शहराच्या आत येत नाही. नदीकाठी उतरून सांता क्रोचे या चर्चपर्यंत चालत गेलो. तिथं मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ दोघांच्या कबरी आहेत. मग दुओमो, म्हणजे शहराचं मुख्य चर्च. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने त्याचा घुमट १४२० ते १४३६ या काळात बांधला, तोही जमिनीपासून लाकडी आधार न उभारता. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या गुंफत नेल्या, त्यामुळे प्रत्येक थर स्वतःला तोलून धरत वर गेला. आमच्या गाइडबाई हे सांगत असताना अर्धा ग्रुप सेल्फीत होता. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि ग्रुपला त्या कधीच चढवत नाहीत. गुडघे धड असतील तर तुम्ही चढा. तिकीट वेळ ठरवून आधीच काढावं लागतं.

एक वाजता पुढचा कार्यक्रम कळला: भारतीय जेवण, मग चामड्याच्या वस्तूंचं दुकान, मग 'मोकळा वेळ'. पाच वाजता सांता क्रोचेसमोर जमायचं. मी कोल्हापूरची. चामडं कसं कमावतात, चप्पल कशी शिवतात हे लहानपणापासून पाहिलंय. पर्स बघण्यात तास घालवायला मी फ्लॉरेन्सला आले नव्हते. मला कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या इथल्या छत्रीला, म्हणजे स्मारकाला, जायचं होतं.

पुष्कळांना हे माहीत नसतं. माझ्या वडिलांनी शाळेत इतिहास शिकवला, त्यांच्यामुळे मला माहीत. हे राजाराम महाराज म्हणजे शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र नव्हेत, आणि शाहू महाराजांचे पुत्रही नव्हेत. हे मधले, शाहू महाराजांच्या आधीचे. १८७० साली ते इंग्लंडला गेले. प्रवासाची रोजनिशी त्यांनी इंग्रजीत ठेवली होती, ती पुढे १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच गेले. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि दहनाची तिथं रीत नव्हती. सोबतच्या लोकांनी विनवण्या केल्या, खास परवानगी मिळाली, आणि आर्नो नदीला मुन्योने जिथं मिळते त्या संगमावर अग्नी दिला. परक्या मुलुखात त्या माणसांनी आपल्या राजासाठी संगम शोधला! वडील हे वर्गात सांगताना थांबायचे. १८७४ साली त्याच जागी छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा बसवला. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. आमचा नवा राजवाडा याच मँटसाहेबांनी आखला. कोल्हापूरचं राजाराम कॉलेजही याच महाराजांच्या नावाचं.

टूर मॅनेजरला मी हे मुंबई सोडायच्या आधी सांगितलं होतं. तो म्हणाला, "तिथं कुणी जात नाही हो मॅडम." जाऊबाई म्हणाल्या, "ग्रुपमध्ये आलीस ना, मग ग्रुपसारखं राहा." यांचा गुडघा धरला होता, हे म्हणाले, "तू जाऊन ये." साताऱ्याच्या एक काकू, सत्तरीच्या, आमचं बोलणं ऐकत होत्या. त्या पर्स काखेला लावून उठल्याच. "चल, मी येते. जेवण काय, रोजचंच आहे."

सांता मारिया नोव्हेला स्टेशनजवळून टी-वन ट्राम घेतली, कास्किने स्टॉपला उतरलो. कागदी तिकीट चढण्याआधी काढा आणि ट्राममध्ये शिक्का मारून घ्या, नुसतं हातात ठेवलंत तर दंड होतो. कास्किने ही नदीकाठची बाग साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि छत्री अगदी पश्चिमेच्या टोकाला. पाऊण तास चाललो. डाव्या हाताला नदी, वर झाडांची दाट सावली, सायकलवरची पोरं, कुत्री फिरवणारी माणसं. काकू एकदाही बसल्या नाहीत. शेवटी झाडं विरळ झाली आणि समोर छत्री. फेटा, गळ्यातले दागिने, रंगवलेला चेहरा. किती कोवळा चेहरा! चबुतऱ्यावर चार भाषांत मजकूर कोरलाय. शेजारून मोठा पूल जातो, त्याचं नावच पोंते अल्ल'इंदियानो, भारतीयाचा पूल. १९७८ चा आहे. रोज त्यावरून हजारो गाड्या जात असतील आणि आपल्याकडे टूर मॅनेजर म्हणतो, कुणी जात नाही.

काकूंनी चप्पल काढून हात जोडले. मीही. वडील तेव्हा जाऊन चार वर्षं झाली होती. अर्धा तास आम्ही तिथं बसलो, फारसं बोललो नाही.

आता ज्या उशिराबद्दल बोल ऐकते, त्याचं. आम्ही ४ वाजून ३५ मिनिटांनी सांता क्रोचेला पोचलो, म्हणजे ठरल्या वेळेच्या पंचवीस मिनिटं आधी. तर सगळा ग्रुप रागावून उभा. वेळ बदलून सव्वाचार केली होती आणि निरोप टाकला होता व्हॉट्सॲपवर, तीन वाजून दहा मिनिटांनी, आम्ही संगमावर बसलेलो असताना. माझ्याकडे तिथलं सिमकार्ड नव्हतं. हॉटेलच्या वायफायवर रात्री तो निरोप दिसला. तरी "हिच्यामुळे बस खोळंबली" हे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगितलं जातं. वेळ ज्याने बदलली त्याने फोन करायला हवा होता. मी ठरल्या वेळेआधी आले होते. हे मी आजवर कुणापुढे मोठ्याने बोलले नाही, इथं बोलते.

म्हणून तुम्हाला सांगणं: तिथलं सिम घ्याच. मॅनेजरशी ठरलेली वेळ दोन साक्षीदारांसमोर ठरवा आणि 'बदलली तर फोन करा' हे बजावून सांगा.

मॅनेजरच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे, ती नंतर कळली. युरोपात बसचालकाला सलग साडेचार तासांहून जास्त चालवता येत नाही, पाऊण तास थांबावंच लागतं, आणि रोजच्या विश्रांतीचे तासही ठरलेले असतात. त्याच संध्याकाळी दुसऱ्या शहरात मुक्काम असेल तर उशीर खरोखर महागात पडतो. तुमचा फ्लॉरेन्सचा दिवस पिसाबरोबर वाटून घेतलेला असेल तर छत्रीचा नाद सोडा, जमणार नाही. गुडघे दुखत असतील तरीही नको.

पोंते वेक्किओ राहिलाच. १३४५ चा पूल, सोनारांची दुकानं. अर्ध्या तासात बघून होतो, ग्रुप नेतोच.

आणि गेलात तर स्टेशनजवळून फुलं घेऊन जा. आम्ही रिकाम्या हाताने गेलो, ते मला अजून लागून राहिलंय.