‘शाळेत नुसतं खेळवतात, मॅडम’

बालवाडीतल्या मुलांच्या तक्रारी घेऊन पालक माझ्याकडे येतात; त्यांचं हे वाक्य जूनमध्ये फारसं कानावर येत नाही. दिवाळीची सुट्टी संपते, गावात पहिलीच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते आणि मग एकेक घर येऊ लागतं. कुणाची वही कोरी असते, कुणाच्या मुलाला अजून नाव लिहिता येत नाही, आणि भावकीतलं कुणीतरी शंभरपर्यंत आकडे लिहीत असतं. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यातल्या एका केळीवाल्या कुटुंबाची गोष्ट त्यांच्या परवानगीने इथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलाला आपण सोन्या म्हणू.

सोन्या पाच वर्षांचा, मोठ्या गटातला. सोबत आई, वडील आणि आजी. पाठवलं होतं बालरोगतज्ज्ञांनी, कारण रोज दुपारी चारच्या सुमारास त्याचं पोट दुखायचं. तपासण्या झाल्या, जंताचं औषध झालं, आजीने दृष्टही काढली. रविवारी मात्र दुखत नव्हतं. चार वाजता काय असतं असं विचारल्यावर आई म्हणाली, “ट्यूशन.”

शाळा सकाळची. तिथे दप्तर नाही, गृहपाठ नाही. म्हणून जाऊबाईंचा मुलगा ज्या शिकवणीला जातो तिथेच यालाही घातलेलं. दीड तास बैठक, चार रेघी वही, एक पान ‘अ’, एक पान ‘ए’. चुलतभाऊ सोन्यापेक्षा थोडा लहानच, शाळा वेगळी, आणि त्याच्या वह्या भरलेल्या. एकाच घरात संध्याकाळी दोन वह्या शेजारी-शेजारी उघडल्या जात होत्या. पुढचं सांगायला नको.

“सासरे म्हणतात, फी भरून पोराला मातीत खेळवायचं का?” आई म्हणाली. आजीचा मुद्दा आणखी थेट होता, “खेयाले शाया कायले लागते? घरी आंगन हाये ना मोठं!”

मला आजीचा प्रश्न आवडला. अंगणातल्या आणि शाळेतल्या खेळात काहीच फरक नसेल तर फी कशाची, हे विचारणं रास्तच आहे. दारावर ‘खेळातून शिक्षण’ असा फलक लावून आत मुलं नुसती सांभाळणाऱ्या शाळा मी पाहिल्यात. तोच फलक लावून रोज चार पानं गिरवून घेणाऱ्याही पाहिल्यात. पालकांचा संशय हा अडाणीपणा नसतो.

आधी सोन्याशी ओळख करून घेतली. मोठी माणसं बाहेर बसली. टेबलावर पेन्सिल होती, ती त्याने उचलली, माझ्या खणात टाकली आणि खण लावून घेतला. एवढ्यावर अर्धा निकाल लागला म्हणायचा, पण घाई करून चालत नाही. न लिहिणाऱ्या मुलाला कधी नीट दिसत नसतं, कधी ऐकू कमी येतं, कधी बोलणं किंवा समजणं मागे असतं. ते आधी पाहावंच लागतं. मी बटणांचा डबा दिला. त्याने रंगांप्रमाणे वाटे केले. दुसऱ्या पद्धतीने होतील का, म्हटल्यावर दोन भोकांची आणि चार भोकांची वेगळी केली. तिसरी पद्धत त्याची स्वतःची होती: शर्टाची आणि स्वेटरची. कात्रीने कागद कापला, मातीचा केळीचा घड केला आणि त्या घडाला मधमाशी चावली अशी लांबलचक गोष्ट सांगितली. मध्ये तीनदा मला दटावलं, की ऐका ना.

मग खडू दिला. गोल चांगला आला, अधिकचं चिन्ह आलं, चौकोन बऱ्यापैकी, त्रिकोणाची टोकं मात्र वाकली. हे अगदी वयाला साजेसं. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढतं, चौथ्याच्या आसपास उभी-आडवी रेघ एकमेकींवरून नेतं, चौकोन त्यानंतर, आणि तिरप्या रेघांचा त्रिकोण पाचच्या पुढेमागे. आता आपला ‘अ’ बघा. दोन अर्धगोल, मध्ये जोड, उभा दंडा, वर रेघ, आणि सगळं ठरलेल्या रेघांच्या आत. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मावेळी ती कूर्चेची असतात आणि एकेक करत पुढची कित्येक वर्षं टणक होत जातात. पाचव्या वर्षी ते काम चालूच असतं. हात तयार नसताना पानंच्या पानं गिरवायला लावली की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, दुखतं, कंटाळतं. सोन्याच्या बाबतीत हात बोलू शकत नव्हता म्हणून पोट बोलत होतं.

वडिलांना हे पटलं, पण अर्धवट. “हात तयार नाही, मान्य. मग शाळेत तीन तास काय करतात?”

याचं उत्तर मी देण्यापेक्षा त्यांनी बघावं म्हणून आईला एक सकाळ वर्गात बसायला सांगितलं आणि शिक्षिकेशी फोनवर बोलून घेतलं. आईने येऊन जे सांगितलं आणि शिक्षिकेने आपल्या नोंदवहीतून जे वाचून दाखवलं, ते जोडून सांगते.

डब्यातलं केळं खाताना एका मुलीने विचारलं होतं, “याच्यात बी कुठंय?” बाईंनी उत्तर दिलं नाही. तुम्हाला काय वाटतं, असं सगळ्यांना विचारलं. बी पाखरं खातात, एकजण म्हणाला. बी मुळात असतं. बी नसतंच, केळीची झाडं गाडीतून येतात. (शेवटचं उत्तर हसण्यावारी नेऊ नका. टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आमच्याकडे गाडी भरूनच येतात.) बाईंनी सगळे अंदाज मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावले. मग केळी आडवी-उभी कापली. मधले बारीक काळे ठिपके सापडले, तेच बी असणार असं ठरलं. ठिपके एका कपातल्या मातीत लावले, दुसऱ्या कपात मूग. रोज पाणी, रोज बघणं. मूग वर आले. ठिपक्यांचं काहीच झालं नाही. मुलांनी आणखी पाणी घालून बघितलं, कप उन्हात ठेवून बघितला, एकाने त्याला गाणंही म्हणून दाखवलं.

आपण खातो त्या केळीत ते ठिपके म्हणजे न वाढलेलं बीच असतं, त्यातून रोप येत नाही. बाईंना हे माहीत होतं. पण ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं तर दहा मिनिटांत धडा संपला असता, आणि मुलं अंदाज बांधायला, थांबून पाहायला, अंदाज चुकला की दुसरा बांधायला शिकली नसती. प्रयोगशाळेतला माणूस आयुष्यभर दुसरं काय करतो?

पुढचं पाऊल बाईंनी एका घरातून मागवलं: केळीचं एक पिल, म्हणजे बुंध्याशी फुटणारं रोप, कंदासकट. ते सोन्याच्या वडिलांनीच पाठवलं होतं. शाळेने मागितलं, दिलं. कशाला हवंय हे त्यांनी विचारलं नव्हतं! कंदाचा एक तुकडा कापून पाहिला, बाकीचं पिल भिंतीलगत लावलं. आणि तिथे सोन्या उभा राहून बोलला, “पिलं काढले नाही त घड बारीक राह्यते.” बाईंनी ते वाक्य त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत कागदावर लिहिलं आणि शब्दाशब्दाखाली बोट फिरवत त्यालाच वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याने दारातल्या पाटीवर ‘पि’ ओळखला. कुणी गिरवून घेतलेला नव्हता. आपलं बोललेलं कागदावर राहतं आणि पुन्हा तसंच वाचता येतं, ही वाचनाची पहिली पायरी आहे. ती चढलेल्या मुलाला अक्षर हे काम वाटत नाही.

गणितही तिथेच होतं. घडाच्या फण्या मोजल्या, फणीतली केळी मोजली, पान किती पावलं लांब ते पाहिलं. सोन्याची नऊ पावलं आणि बाईंची पाच, मग पान बदललं का? यावर बराच वेळ भांडण झालं म्हणे. आई म्हणाली, “मॅडम, घरी एवढा बोलत नाही तो.”

आजीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. अंगणात केळं कापून कुणी बी शोधलं असतं तर तेही शिकणंच झालं असतं. शाळेत फरक पडतो तो मोठ्या माणसाने. कुठली वस्तू मुलांपुढे ठेवायची, कुठला प्रश्न उचलायचा, कधी गप्प बसायचं आणि कुठलं मूल काय म्हणालं याची नोंद ठेवायची, हे बाई ठरवतात. म्हणून खेळणारी शाळा चांगली की नाही हे बघायला मी पालकांना एकच प्रश्न सुचवते. वही मागू नका, बाईंना विचारा, या आठवड्यात माझ्या मुलाने काय विचारलं? “छान आहे, हुशार आहे” एवढंच उत्तर दर वेळी आलं, तर आजीचा संशय खरा समजायला हरकत नाही.

वडिलांशी पुढची बैठक जरा तापली. मी न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासाचं सांगत होते: पाचव्या वर्षी वाचन शिकायला लागलेली आणि सातव्या वर्षी लागलेली मुलं अकराच्या सुमारास वाचनात बरोबरीला आलेली दिसली. त्यांनी मध्येच थांबवलं. “परदेशाचं नको, इथलं सांगा.”

इथलंच तर आहे सगळं. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ यांच्यासह ते काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत नेलं. महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून बिया, शिंपले, पानं, खडे हेच साहित्य झालं. अंगणवाडीची कल्पना त्यांचीच. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळ, शोध आणि कृतीवर आधारायला सांगितला, त्याचा आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. पहिलीत आल्यावर सुरुवातीचे तीन महिने खेळातून तयारी करून घ्यायची असाही कार्यक्रम आहे.

“कागदावर बरंच असतं,” वडील म्हणाले. खरंच असतं. मी वाद घातला नाही.

त्यांना खरी भीती होती पहिलीची. पोरगा मागे पडला तर लोक हसतील, त्यातही घरातलेच आधी. म्हणून ठरलं ते असं. शिकवणी बंद, निदान उन्हाळ्यापर्यंत. दोन वह्या शेजारी ठेवायच्या नाहीत. पाहुण्यांसमोर “लिहून दाखव” म्हणायचं नाही. बोटांना काम मिळेल असं घरात भरपूर आहे: वाटाणे सोलणं, कणीक मळणं, ओला फडका पिळणं, शेंगा फोडणं. ते त्याला करू द्यायचं, सांडलं तरी. आजीने रोज एक गोष्ट तिच्या बोलीतच सांगायची. ती ‘शुद्ध’ बोलायचा प्रयत्न करत होती, तो बंद करायचा. अंगणातल्या धुळीत बोटाने अक्षरं काढावीशी वाटली तर काढू द्यायची, त्याने विचारलं तर सांगायचं, नाहीतर नाही.

आईने जाता-जाता विचारलं, मग जाऊबाईंच्या मुलाचं चुकतंय का? मी त्या मुलाला पाहिलेलं नाही. काही मुलांचा हात लवकर वळतो, त्यांना लिहायला आवडतंही. तो आनंदाने लिहीत असेल तर लिहू दे. एका भावाला सिद्ध करायला दुसऱ्याला खाली आणायची गरज नाही.

पोटदुखी काही आठवड्यांत कमी झाली, एकदम नाही. मामा आले आणि कुणीतरी वही काढली की पुन्हा दुखायचं. आजोबा शेवटपर्यंत माझ्या बाजूला आले नाहीत. मार्चमध्ये सोन्याने स्वतःचं नाव लिहिलं, त्यात एक अक्षर उलटं होतं. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं उलटी पडणं सहसा काळजीचं नसतं, तेवढं मी आईला फोनवर सांगितलं. पाच वर्षांच्या मुलाला पूर्ण वाक्यं बोलता येत नसतील, एकामागून एक दोन सूचना पाळता येत नसतील, इतर मुलांत तो मिसळतच नसेल किंवा आधी येत असलेलं आता येईनासं झालं असेल, तर मात्र वाट न पाहता दाखवायला हवं. सोन्याचं असं काही नव्हतं.

एप्रिलमध्ये वडिलांचा फोन आला, आवाज चढलेला. पहिलीसाठी ठरवलेल्या शाळेने मुलाची लेखी परीक्षा घेऊ असं सांगितलं होतं. मी त्यांना शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १३ सांगितलं: प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कसलीही चाचणी घेता येत नाही. घेतली तर पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. वडिलांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. तिथे त्यांना सांगण्यात आलं, की परीक्षा नाही हो, नुसती ओळख करून घेणार होतो. सोन्याने ओळख करून दिली. केळीच्या बियांबद्दल तिथल्या बाईंना विचारलं. बाईंना उत्तर येत नव्हतं, असं वडील मला खूप खुशीत सांगत होते.