आजोबा विमानाच्या हँगरमध्ये पत्र्याचं काम करायचे. त्यांच्या पेटीतली ही हत्यारं कसली आहेत?

सगळ्यात आधी हे सांगतो, की यातलं काहीही भंगारात देऊ नका आणि गंज काढायला ग्राइंडरवर तर मुळीच धरू नका. मी स्वतः विमानाच्या पत्र्याचंच काम करतो. तुमच्या फोटोतली सगळी हत्यारं आजही वापरात आहेत.

विमानाच्या अंगाचा पत्रा बहुतेक ड्युरॅल्युमिन जातीचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्याला वेल्डिंगची आंच लागली की त्याची ताकद जाते, म्हणून तो रिवेट, म्हणजे भोकात घालून टोक चेपायची धातूची खिळी, मारून जोडतात. बोइंगच्याच सांगण्यानुसार एका ७४७-४०० मध्ये साठ लाख भाग असतात आणि त्यातले निम्मे फास्टनर, म्हणजे रिवेटसारखे जोडणारे तुकडे. म्हणजे आमचं सगळं काम भोकांचं. हत्यार अनोळखी असलं तरी ते भोकाशी नेमकं काय करतं एवढं शोधलं, की बहुतेक वेळा ओळख पटते.

तांब्याच्या रंगाची ती बोटभर नळकांडी म्हणजे स्किन पिन. अमेरिकन पद्धतीने शिकलेले लोक क्लिको म्हणतात. सोबतची विचित्र पक्कड त्यांचीच आहे. पक्कडीने मागचं बटण दाबून बघा: पुढून दोन बारीक पाती बाहेर सरकतात आणि एकमेकांना चिकटतात. तशीच ती भोकात घालायची आणि पक्कड सोडायची. स्प्रिंग पाती मागे ओढते, मधली पट्टी त्यांना फाकवते आणि दोन्ही पत्रे घट्ट आवळले जातात. रिवेट मारेपर्यंत पत्रा इकडचा तिकडे होत नाही. रंग मापाप्रमाणे ठरलेला असतो: तांब्याचा १/८ इंच, चंदेरी ३/३२, काळा ५/३२, पितळी ३/१६. तुमच्या पेटीत तांब्याच्या रंगाच्या जास्त आहेत, कारण १/८ हे फार लागणारं माप.

दुसऱ्या फोटोतला बिनमुठीचा लोखंडी ठोकळा ही डॉली. बाहेरून रिवेट गन रिवेटच्या डोक्यावर मारते, तेव्हा आतल्या माणसाने रिवेटच्या शेपटाला डॉली टेकवून धरायची. शेपूट दबून पसरतं आणि रिवेट बसतो. बसलेलं शेपूट रिवेटच्या व्यासाच्या साधारण दीडपट रुंद आणि अर्धा व्यास उंच असावं लागतं. डॉलीचा आकार वेडावाकडा दिसतो, कारण रिब आणि स्ट्रिंगरच्या, म्हणजे पत्र्याखालच्या सांगाड्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या सांदीत ती शिरायला हवी. तिच्या दोन बाजू आरशासारख्या आहेत ना? त्याच कामाच्या. त्यांच्यावर ओरखडा पडला तर प्रत्येक रिवेटवर त्याचा छाप उमटेल, म्हणून ग्राइंडर नको म्हटलं. उचलून बघा. आकाराच्या मानाने भलतीच जड लागली तर ती टंगस्टनची, म्हणजे जास्त मोलाची.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. एका टोकाला जोडलेल्या दोन पोलादी पट्ट्या. एकीच्या टोकाला खुंटी, दुसरीच्या टोकाला नेमकं तिच्यावर येणारं भोक. हे होल डुप्लिकेटर. खराब पत्रा काढला की खालच्या रिबला जुनी भोकं असतातच, पण नवा कोरा पत्रा वर ठेवला की ती झाकली जातात. मग खुंटीवाली पट्टी पत्र्याखाली सरकवायची. खुंटी जुन्या भोकात टपकन बसते, आणि वरच्या पट्टीच्या भोकातून ड्रिल घातलं की नवं भोक बरोबर जुन्यावर पडतं. नुसत्या नजरेने पाडायला गेलात तर भोक सरकतं किंवा लांबट होतं. भोकाच्या मध्यापासून पत्र्याची कड निदान दोन व्यास लांब राहिली पाहिजे. ती कमी पडली तर अख्खा पत्रा बाद. हे हत्यार वापरणारा माणूस दुरुस्तीतला होता, एवढं खात्रीने म्हणता येईल.

उघडझाप करणारी जाळी रिवेट फॅन आहे. दोन टोकांमध्ये ताणायची, सगळ्या खुणा समान अंतरावर पडतात. तीन नाकांची पक्कड फ्लूटिंगची: वळणदार रिबची कड दुमडली की रिब वाकडी होते, मग कडेवर दोन भोकांच्या मध्ये छोट्या चुण्या घालून ती सरळ करायची.

डबीतली दोन गोल बटणं, एक टोकदार आणि एक खळगीचं, ही डिंपल डाय. पातळ पत्र्यात चपट्या डोक्याच्या रिवेटसाठी खळगी दाबायची जोडी. इंचाच्या मापात बांधलेल्या विमानांसाठी तिचा कोन बहुधा १०० अंश. ही जोडी कधीच वेगळी करू नका. एक हरवली की दुसरी निरुपयोगी.

बारीक कोरलेले आकडेही वाचा. ४० आणि ३० हे ड्रिलचे नंबर: ४० नंबर ३/३२ रिवेटचा, ३० नंबर १/८ चा. म्हणजे आजोबांचं काम बोइंगसारख्या इंचातल्या विमानांवर झालं. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना १९६४ मध्ये रशियन मिग लढाऊ विमानांसाठी उभा राहिला. तिथल्या माणसाच्या पेटीत मिलिमीटरची मापं सापडली असती.

सध्या एवढंच करा: सुक्या फडक्याने पुसा, हलक्या तेलाचा हात फिरवा, आणि डॉलीच्या चकचकीत बाजू तेलकट कागदात गुंडाळून ठेवा. स्किन पिन एकेक दाबून बघा. पाती अडकत असतील तर थोडं रॉकेल घालून रात्रभर ठेवा, सुटतात.