विमानातला ओळंबा

प्रश्न : मुंबईहून विमान सुटताना मी घड्याळ लावलं. धावायला लागल्यापासून चाकं सुटेपर्यंत 34 सेकंद. एवढ्यावरून वेग काढता येईल का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : नुसत्या वेळेवरून नाही, सोबत त्वरणही हवं. त्यासाठी ओळंबा, म्हणजे दोऱ्याला टांगलेलं वजन, पुरतो. मागच्या वर्षी मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन त्याला बॅगेची किल्ली बांधली आणि नातवाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकासमोर धरली. (शेजारचे गृहस्थ मला नजर लागू नये म्हणून काही करणारा समजले असावेत!) लोकल सुटली की वरच्या कड्या मागे झुकतात ना, तशीच किल्ली झुकली, सुमारे 12 अंश. या कोनाचा टॅन्जेंट 0.21. त्याला 9.8 ने (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाने) गुणलं की विमानाचं त्वरण मिळतं : जवळपास 2.1, म्हणजे वेग दर सेकंदाला 2.1 मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो.

आता तुमची वेळ घ्या. 2.1 गुणिले 34, म्हणजे सेकंदाला 71 मीटर, तासाला सुमारे 257 किलोमीटर. अंतर म्हणजे त्वरण गुणिले वेळेचा वर्ग, त्याचं निम्मं : साधारण 1,200 मीटर. आपली मोठी धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे.

एक फसगत सांभाळा. नाक वर झालं की विमानाच्या नुसत्या कलामुळेही दोरा मागे झुकलेला दिसतो, म्हणून कोन त्याआधीच वाचा. शिवाय वेग वाढतो तसा हवेचा विरोध वाढतो, इंजिनाचा रेटा घटतो, त्यामुळे त्वरण हळूहळू उतरतं. माझी किल्ली सुरुवातीला 14 अंशांपर्यंत गेली होती. मी मधला आकडा धरला.