बंदर लागलं की पुडकं धाड

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल परवा रात्री वाचली. काल दिवसभर चिडचिड झाली, म्हणून उत्तर आज. अठराव्या शतकातल्या फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूजच्या चरित्राची अकरा प्रकरणं लिहून तयार, प्रकाशक पहिली तीन मागतोय, आणि तू म्हणतेस, 'सर, वानिकोरोचं, म्हणजे त्याची जहाजं फुटली त्या बेटाचं, प्रकरण मनासारखं होईपर्यंत काहीच दाखवावंसं वाटत नाही. एकदा पॅरिसला जाऊन मूळ कागद बघते, मग सगळं एकदम देते.' तीन वर्षांपूर्वीही तू हेच म्हणाली होतीस. तेव्हा पॅरिसच्या जागी फ्रेंचची पुढची परीक्षा होती, एवढाच फरक.

अगं, ज्याचं चरित्र लिहायला घेतलंस, तो असा वागला असता तर तुला लिहायला विषय तरी उरला असता का?

ला पेरूजचं खानदान, आल्बीजवळचा 1741 चा जन्म, पंधराव्या वर्षी ब्रेस्टला नौदलात भरती, 1759 मध्ये किबरोंच्या लढाईत जखमी होऊन इंग्रजांच्या हाती सापडणं, हे सगळं तू नेटकं लिहिलंयस. एलेओनोरचं प्रकरण तर फारच रंगलंय. वडिलांचा विरोध, घराण्याची इभ्रत, आणि तरी 1783 मध्ये त्याने तिच्याशी लग्न केलंच. रंगू दे. मला मात्र हा माणूस कळला तो 1782 च्या हडसन उपसागरात. इंग्रजांचा प्रिन्स ऑफ वेल्स किल्ला त्याने एकही गोळी न झाडता घेतला. रानात पळालेल्या इंग्रजांना हिवाळा काढता यावा म्हणून मागे अन्न आणि दारूगोळा ठेवला. याचं कौतुक सगळेच करतात, तूही दोन पानं केलं आहेस. पण किल्ल्याचा अधिकारी सॅम्युएल हर्न, त्याच्या प्रवासाचं हस्तलिखित ला पेरूजच्या हाती लागलं होतं. लढाईतली लूटच ती, ठेवून घेतलं असतं तरी कोण विचारणार होतं? त्याने ते परत केलं, आणि अट घातली की हे छापायचं. या गोष्टीला तू एक ओळ दिलीस. एक ओळ! शत्रूला सांगतोय बाबा, की हे तुझ्या पेटीत कुजवू नकोस. आणि हर्न तरी काय, तोही तुझ्यामाझ्याच जातीचा. पुस्तक निघालं 1795 मध्ये, तो गेला 1792 मध्येच.

आता पॅसिफिकची शोधमोहीम. 1 ऑगस्ट 1785 ला बुसोल आणि आस्त्रोलाब ब्रेस्टहून निघाली. दोन जहाजं, दोनशेवर माणसं. या प्रवासात काय काय शोधलं याची जंत्री तुझ्याकडे आहेच. मी सांगतो ते वेगळं बघ: कुठल्या बंदरातून काय पाठवलं. मकाओहून कागद गेले. सप्टेंबर 1787 मध्ये कामचाटकाच्या पेत्रोपाव्लोव्स्कला पोचल्यावर त्याने आपला रशियन दुभाष्या, एकवीस वर्षांचा बार्तेलेमी द लेसेप्स, रोजनिशा आणि नकाशांसकट जमिनीवर उतरवला आणि सांगितलं, जा पॅरिसला. अख्खा सैबेरिया पार करून, कुत्र्यांच्या घसरगाड्यांतून, बर्फातून पोरगा वर्षभराने व्हर्सायला पोचला. त्या कागदांत सगळं पुरं होतं का? मोहीम निम्म्यातच होती. कोरियाचा किनारा घाईघाईत पाहिलेला, सखालिनची सामुद्रधुनी उत्तरेच्या टोकापर्यंत पार करता आलेली नाही. 'हे एकदा नीट बघून घेतो, मग धाडतो' असं तो म्हणाला नाही. बंदर लागलं, पुडकं धाडलं.

आणि त्यात नुसते पराक्रम नव्हते हं. जुलै 1786, अलास्कातली लितुयाची खाडी. तोंडाशी भरती-ओहोटीचा भयंकर ओढा. पाण्याची खोली मोजायला होड्या पाठवताना त्याने देस्कुर नावाच्या अधिकाऱ्याला लेखी सूचना दिल्या. देस्कुरला राग आला, मला काय पोर समजता का, म्हणाला. त्या सकाळी दोन होड्या त्या ओढ्यात गेल्या, एकवीस माणसं गेली, एकही प्रेत हाती लागलं नाही. खाडीतल्या बेटावर त्याने स्मारक उभारलं आणि बाटलीत मजकूर घालून पायथ्याशी पुरला. पण मला बाटलीपेक्षा रोजनिशी मोठी वाटते. आपल्या हाताखाली घडलेली सगळ्यात वाईट गोष्ट, ती संवादासकट लिहिली आणि घरी धाडली. तुला तर नुसतं एक कच्चं प्रकरण धाडायचंय.

आता माझं ऐक. पूर्ण कधी सांगितलं नाही.

मी एकोणीस वर्षं मालवण, देवगड, हर्णैच्या तांडेलांचे शब्द गोळा केले. परबान म्हणजे शीड ज्याला बांधतात तो आडवा वासा; मतलई म्हणजे रात्री जमिनीकडून सुटणारं वारं; भांगाचं पाणी, उधाणाचं पाणी, वावांत खोली सांगायची पद्धत. चौदा वह्या भरल्या. एका मासिकाने दर महिन्याला दोन पानं मागितली होती. मी म्हटलं, तुकडे देणार नाही, कोश पुरा होऊ दे. रत्नागिरीच्या उत्तरेची काही गावं राहिली होती ना! 26 जुलै 2005 ला बदलापूरला तळमजल्यावरच्या खोलीत छातीएवढं पाणी शिरलं. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर वह्यांची एक वीट झाली होती. पान सुटं करायला गेलो की लगदा हातात यायचा. शाईच्या निळ्या ओघळात एका जागी 'परबा' एवढं वाचता आलं. त्यातले निम्मे तांडेल तोवर वारले होते.

तू म्हणशील, सरांनी आळस केला. आळस नव्हता. घरात आईचं आजारपण, कॉलेजात रोजचे पाच तास, आणि अर्धवट काम छापणाऱ्यांची मला तेव्हा खरोखर चीड होती. आजही थोडी आहे. चुकीचा शब्द एकदा छापला की पन्नास वर्षं तोच फिरतो, हे काही खोटं नाही. माझी कारणं चांगली होती, अगदी चांगली होती. पाण्याने विचारली नाहीत.

असो. तुझ्या नायकाकडे येऊ.

डिसेंबर 1787 मध्ये सामोआत त्याचा जोडीदार द लांग्ल ताजं पाणी भरायच्या हट्टापायी अकरा माणसांसह मारला गेला. ओहोटीला होड्या वाळूत रुतल्या होत्या. त्या धक्क्यातून सावरत 26 जानेवारी 1788 ला तो ऑस्ट्रेलियातल्या बॉटनी बेला लागला. इंग्रजांचा पहिला ताफा काही दिवसांपूर्वीच तिथे आलेला. सहा आठवड्यांच्या मुक्कामात त्याने काय केलं? परत लिहिलं, आणि पत्रं, रोजनिशी, नकाशे त्या इंग्रजांच्याच जहाजाने फ्रान्सला रवाना केले. डिसेंबरात ईल द फ्रान्सला, म्हणजे आजच्या मॉरिशसला पोचतो, असं कळवलं होतं. 10 मार्चला शिडं उभारली, त्यानंतर युरोपातल्या कुणीही त्याला पाहिलं नाही. 1797 मध्ये पॅरिसला चार खंड छापले गेले ते त्या पुडक्यांतून. शेवटचं पुडकं दहा मार्चनंतरसाठी ठेवलं असतं तर?

आणि वानिकोरोचं प्रकरण मनासारखं होईपर्यंत थांबतेस? ते कुणाला मनासारखं झालंय? दांत्रकास्तो त्याला शोधायला निघाला आणि 1793 मध्ये ते बेट लांबून पाहून पुढे गेला. 1827 मध्ये पीटर डिलन कलकत्त्याहून ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज घेऊन गेला तेव्हा खडकांतून वस्तू मिळाल्या. त्या ओळखायला पॅरिसला कोण होतं? तोच लेसेप्स, आता साठी उलटलेला. एलेओनोर तर 1807 मध्येच गेली, काहीही न कळता. तिथल्या दोन बुडालेल्या जहाजांपैकी बुसोल कुठलं त्याची खात्री 2005 मध्ये पटली, हो, माझ्याच वर्षी. जहाजं फुटल्यावर जे वाचले ते किती दिवस जगले, बांधलेल्या होडीतून कुठे गेले, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. तू पॅरिसला जाऊन ते आणणार आहेस? जरूर जा. पण पहिली तीन प्रकरणं त्याआधी गेली पाहिजेत.

दुसऱ्या प्रकरणात माहेचा भाग जरा पातळ आहे. असू दे. मलबारवरच्या त्या ठाण्याबद्दल तुला आत्ता जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहिलंयस, उरलेलं पुढच्या आवृत्तीत घाल. हर्नच्या हस्तलिखिताला मात्र एक ओळ चालणार नाही, ते आजच वाढव. संध्याकाळच्या आत होईल.

एक राहिलं. पुरात दोन वह्या वाचल्या होत्या, धाकट्या बहिणीकडे डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर होत्या म्हणून. अकरावी आणि चौदावी. मध्यंतरीच्या वह्या नाहीत, त्यामुळे बरेच शब्द लोंबकळतात, 'मागे पाहा' म्हटलंय तिथे मागे काही नाही. तशाच झेरॉक्स करून आज सकाळी त्या मासिकाच्या नव्या संपादकांना स्पीड पोस्टाने पाठवल्या. पावतीचा फोटो सोबत जोडला आहे. प्रकाशकाला धाडलेल्या तुझ्या मेलची प्रत मला सोमवारपर्यंत दिसू दे.

तुझा,
सर