ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या दांडीवरची, जॅक बसवायची प्लेट वाकली, सरळ करावी की बदलावी?

आधी ट्रॉली रिकामी करा, चाकांना दगड लावा आणि दांडीखाली लाकडी ठोकळे द्या. जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका, दादा.

वाकलेल्या जागेचा रंग तारेच्या ब्रशने खरवडा. रॉकेल लावून कोरडं पुसा, वर खडू घासा. भेग असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. रेघ दिसली तर प्लेट कापून नवी, जाडच बसवा. नसेल तर गॅसने लाल तापवून सरळ करा, थंड ठोकू नका. पाणीही मारू नका, लोखंड ठिसूळ होऊ शकतं. बाजूंना तिकोनी पट्ट्या वेल्ड करून घ्या.

आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या रानात ओल असली की जॅकचा पाय रुततो, कलतो आणि प्लेट वाकते. पायाखाली फळी ठेवत जा.